त्या गोल बाणाच्या बटणाला हात लावू नका

आज संध्याकाळी नागपूरच्या वर्धा रोडवर, जामठ्याच्या स्टेडियमजवळ माझा डोळा लागला. बुटीबोरीच्या कंपनीत आम्ही चौघे रोज माझ्याच गाडीने ये-जा करतो, आणि गाडी मीच चालवत होते. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, पण समोरच्या कंटेनरचे लाल दिवे एकदम अंगावर आले आणि मी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले. मागच्या सीटवर पेंगणारे दोघे दचकून उठले. आणि माझ्या डाव्या हाताला बसलेले आमचे स्टोअरचे साहेब काय म्हणाले? "मॅडम, रात्री झोप नाही झाली काय जी?"

झाली होती. चांगली सात तास झाली होती. कमी पडली ती गाडीतली हवा. आणि ती बंद केली होती साहेबांनीच, बुटीबोरीच्या गेटमधून बाहेर पडता पडता, रोजच्यासारखी, मला एका शब्दाने न विचारता.

डॅशबोर्डवर एक बटण असतं. गाडीचं चित्र आणि तिच्या पोटात गोल फिरणारा बाण. ते दाबलं की बाहेरची हवा आत यायची वाट बंद होते आणि आतलीच हवा पुन्हा पुन्हा कूलिंग कॉइलवरून फिरत राहते. गाडी लवकर गार होते, एवढंच लोकांना माहीत. आतल्या चार माणसांनी सोडलेला श्वासही त्याच हवेत फिरतोय, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. आपल्याकडे हवा गार लागली म्हणजे ती चांगली, इतका साधा हिशेब. पण थंडावा वेगळा आणि ताजी हवा वेगळी. कूलिंग कॉइल हवेतली उष्णता काढते, ओल काढते. कार्बन डायऑक्साइड काढत नाही. केबिन फिल्टर धूळ अडवतो, कोळशाचा असेल तर थोडा वासही अडवतो, पण हा वायू त्याच्यातून आरपार जातो.

हिशेब करायला शास्त्रज्ञ लागत नाही. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव ते तीन दशांश लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आम्ही चौघे, म्हणजे एक लिटरच्या वर. गाडीच्या आतली जागा साधारण तीन हजार लिटरची. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत ४२० भागांच्या आसपास असतो. डबा पूर्ण बंद असता तर आत दर मिनिटाला साडेतीनशे ते चारशे भागांची भर पडली असती. गाडी काही पूर्ण बंद डबा नसते, दारांच्या फटींतून थोडी हवा येते-जाते, म्हणून आकडा तेवढ्या वेगाने चढत नाही. पण चढतो.

मी हे नुसतं वाचून बोलत नाहीये. आमच्या सेफ्टी विभागात हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आहे, कॉन्फरन्स हॉलसाठी आणलेलं. मागच्या आठवड्यात ते मागून घेतलं आणि गिअरजवळच्या खोबणीत ठेवलं. निघताना ४८० भाग. डोंगरगावला १९००. जामठ्याला २७००. तिथे मी ते बटण बंद केलं, ब्लोअर एक घर वाढवला, आणि खापरी यायच्या आत आकडा हजाराच्या खाली. माझ्या डोळ्यांवरची झापड, कपाळावरचा तो जडपणा, सगळं त्याबरोबर उतरलं. सगळ्यांना आकडे दाखवले. मागच्या सीटवरून उत्तर आलं, "यंत्र बिघडलं असन."

बिघडलेलं नाही! २०१२ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संशोधकांनी बावीस माणसांना बंद खोलीत बसवून हेच तपासलं होतं. २५०० च्या पातळीला माणसांची निर्णय घेण्याची क्षमता ठळकपणे घसरलेली दिसली. ती माणसं टेबलाशी बसली होती. मी वर्धा रोडवर असते, दोन्ही बाजूंनी ट्रक, मधूनच उलट्या दिशेने येणारा एखादा मोटरसायकलवाला. पट्कन ठरवायची गरज कोणाला जास्त आहे?

बटण बंद केलं की लगेच आरडाओरडा. "काहून बंद केलं मॅडम? गरम हवा येऊन राहिली ना!" हो, येते. मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ अंश असताना बाहेरची हवा घेतली की एसीवर ताण पडतो, गारवा थोडा कमी होतो, हे मला मान्य आहे. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तो दिवस या शहरात काढलेली बाई आहे मी, ऊन म्हणजे काय ते मला शिकवू नका. समोर काळा धूर ओकणारा ट्रक असेल तर मी स्वतःच ते बटण दाबते. ते त्यासाठीच आहे. धूर गेला, ट्रक मागे पडला की उघडायचं. किंवा दहा मिनिटं बंद, मग चार-पाच मिनिटं उघडं. यात कोणाला लू लागणार आहे? पण नाही, एकदा दाबलं की छत्रपती चौक येईपर्यंत तसंच. मी उघडलं की डावीकडून हात येतो आणि पुन्हा दाबतो. माझ्या गाडीत. माझ्या डोळ्यांदेखत.

आणि सकाळी? सकाळी साडेसातला निघतो तेव्हा बाहेर बत्तीस-तेहतीस अंश असतात. काचा दोन बोटं खाली करून, नुसत्या ब्लोअरवर अर्धा रस्ता आरामात जाता येतं. पण गाडीत बसल्या बसल्या काचा वर, एसी चालू, बाण गोल.

संध्याकाळचा प्रकार तर डोकं फिरवणारा आहे. गाडी दिवसभर कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये तापलेली. आत साठच्या पुढे पारा, स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो, सीट बेल्टचं बकल तर पदराने धरावं लागतं. बाहेर ४४. म्हणजे बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा निदान सोळा अंशांनी थंड आहे! अशा वेळी चारही दारं उघडायची, ती भट्टी बाहेर जाऊ द्यायची, पहिला एक-दीड मिनिट काचा खाली ठेवून ब्लोअर जोरात लावून निघायचं, आणि मग काचा वर करून तुमचा तो लाडका बाण दाबायचा. लवकर गार होते गाडी, करून बघा. आमच्याकडे काय होतं? धडाधड दारं लावतात, काचा बंद, बाण चालू, थंडीचा खटका शेवटच्या टोकाला. साठ अंशांची हवा कोंडून तीच गार करत बसायची आणि वरून "मॅडम, तुमच्या गाडीचा एसी काही दमाचा नाही" हे ऐकून घ्यायचं.

तो थंडीचा खटका हा आणखी एक वाद. माझी गाडी डिजिटल आहे, अंश दिसतात. साहेबांना १८ पाहिजे. १८ लावल्याने गाडी लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर तितकाच पळतो, फक्त पुढे थांबत नाही. चोवीस-पंचवीस भरपूर होतात. पण साहेबांना १८ का लागतात, ते मला खूप दिवसांनी कळलं. सकाळी आम्ही दक्षिणेकडे जातो, ऊन पूर्वेकडून, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाने. संध्याकाळी उत्तरेकडे परत येतो, ऊन पश्चिमेकडून, म्हणजे पुन्हा डाव्याच अंगाने. डाव्या सीटवरचा माणूस दोन्ही वेळा भाजून निघतो आणि उजवीकडे मी दोन्ही वेळा सावलीत. त्यांची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. काचांना काळी फिल्म लावावी तर २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पोलीस चौकाचौकात अडवायचे, म्हणून मी त्या फंदात पडले नाही. पण त्यासाठी साधी चिकटणारी जाळी आणा, उपरणं लावा, बाही ओढा. मी दोनदा म्हटलं, "साहेब, मागे उजवीकडे बसा, तिथे ऊन नाही." नाही. पुढचीच सीट पाहिजे. मग १८ अंशांचा झोत थेट माझ्या तोंडावर, माझ्या डोळ्यांवर.

नागपूरचा उन्हाळा मुळात कोरडा. म्हणून तर आपल्या घराघरात वाळ्याचे कूलर चालतात, हवेत ओल नसते म्हणूनच ते इतके गार करतात. त्या कोरड्या हवेतलीही उरलीसुरली ओल एसी काढून घेतो. अर्ध्या तासात डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं, पापणी खरखरते, घसा सुकतो. मी लेन्स लावायची, ती मे महिन्यात सोडून दिली, चष्म्यावर आले. मागच्या वर्षी एकदा गाडीतच नाकाचा घोळणा फुटला. गाडी कडेला घेऊन मान पुढे करून बसले, तर मागून सल्ला, "मॅडम, कांदा हुंगा." कांदा नको, झोत वर करा! जाळ्या छताकडे वळवल्या की गार हवा आपोआप खाली उतरते, सगळ्यांना सारखी लागते, कोणाच्या डोळ्यांत जात नाही. माझ्यासमोरच्या दोन जाळ्या मी वर करते. मधल्या दोन साहेबांच्या ताब्यात, त्यातली एक बरोबर माझ्याकडे.

यात गॅरेजवाल्यावरचा राग वेगळा. दोन वर्षांत दोनदा "गॅस कमी झाला ताई" म्हणून त्याने गॅस भरला आणि पैसे घेतले. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. ती बंद नळ्यांची साखळी आहे. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती शोधायला रंग सोडतात, दाब धरून बघतात, पाइपांचे सांधे तपासतात. याने काही बघितलं नाही, वरून भरून दिला. तो गळून हवेतच जातो. माझ्या गाडीतला आर-१३४ए हा गॅस पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त भारी आहे. आपल्याच नागपूरच्या डोक्यावर आपण तो सोडायचा का? आणि कॉम्प्रेसरचं तेल त्याच गॅसबरोबर फिरतं, गॅस कमी म्हणजे तेल कमी पोहोचणार, म्हणजे उद्या कॉम्प्रेसरही जाणार. तेव्हा हाच माणूस मला त्याचं मोठं बिल देईल.

शेवटी दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. त्याने ग्लोव्ह बॉक्स खाली उतरवला, मागचा फिल्टर ओढून काढला आणि माझ्यासमोर झटकला. घरासमोरच्या कडूनिंबाचा वर्षभराचा पाचोळा, फुलोरा आणि मातीचा गठ्ठा. मी गाडी त्याच झाडाखाली उभी करते, बाहेरची हवा पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतून आत येते, सगळा कचरा तिथूनच. पहिल्या गॅरेजवाल्याने दोन वर्षांत तो फिल्टर एकदाही काढला नव्हता, बिलात मात्र "एसी सर्व्हिस" लिहिलं होतं. रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरच्या पात्यांतही चिखल वाळून बसलेला. मग सिग्नलला गाडी थांबली की गार का होत नव्हतं, ते कळलं. उष्णता बाहेर फेकायचं तोंडच बुजलेलं, आणि मी उगाच गॅसचे पैसे भरत होते.

मला सगळ्यात जास्त टोचते ती एक गोष्ट. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. नितीन गडकरी, आपल्याच शहराचे खासदार, कित्येक वर्षं सांगत होते की चाळीस-पंचेचाळीस अंशांत बारा-बारा तास ट्रक हाकणाऱ्या माणसाचा विचार करा. चालवणाऱ्याच्या अंगाला काय लागतं, त्याचा डोळा कशाने लागतो, हे निदान कायद्यात तरी आलं. माझ्या गाडीत ते यायचं आहे. माझ्या गाडीत बाजूच्याला किती गार पाहिजे, मागच्याला किती आवाज कमी पाहिजे, सगळं ठरतं. चालवणारी बाई शेवटी. "मॅडम, तुम्ही फक्त गाडी चालवा" हे वाक्य मला तोंडावर ऐकवलेलं आहे.

दिवाळीत घरच्यांबरोबर समृद्धीने शिर्डीला गेलो तेव्हाही हेच. पाच माणसं, सरळसोट रस्ता, काचा बंद, बाण गोल, जिजाजी चालवत होते. त्या रस्त्यावर गाडी चालवताना गुंगी येते, सगळे म्हणतात, रस्ता एकसुरी आहे म्हणतात. असेलही. पण मी मागून हात घालून ते बटण बंद केलं तेव्हा पाच मिनिटांत मुलं उठून बोलायला लागली आणि जिजाजींनी न सांगता मान झटकून पाणी मागितलं.

आज जामठ्याला आम्ही वाचलो. कंटेनर आणि माझ्या बोनेटमध्ये एक हात अंतर राहिलं होतं. घरी आल्यावर मुलीला जवळ घेतलं तेव्हा हात थरथरत होते, अजूनही लिहिताना नीट होत नाहीयेत.

आत्ताच गाडीच्या ग्रुपवर टाकलंय. उद्यापासून बाणाचं बटण, अंश आणि मधल्या दोन्ही जाळ्या माझ्या. सेफ्टीचं यंत्र समोर चिकटवलेलं असेल, १५०० दिसले की बाहेरची हवा उघडणार, ४६ असो की ४७. साहेबांची सीट मागे उजवीकडे. ज्याला चालत नसेल त्याने साडेसातला छत्रपती चौकात थांबू नये, तिथूनच मेट्रोने खापरी गाठावी. साहेबांनी मेसेज वाचलाय, दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही अजून.