दादावाल्यांचं हसणं थिल्लर नव्हतं

दादा म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातली कलेतली बंडखोर चळवळ. तिचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "ते मुतारीचं भांडं प्रदर्शनात ठेवणारे ना? थिल्लरपणा सगळा!" काल पुन्हा ऐकलं आणि राहवलं नाही.

भांड्याचं आधी सांगते. 1917, न्यूयॉर्क. सहा डॉलर भरा, तुमची कलाकृती लावू, परीक्षक नेमलेलेच नाहीत, असं आयोजकांनी जाहीर केलं होतं. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने पैसे भरून, खोट्या नावाची सही करून ते भांडं पाठवलं. ते लावलंच नाही! शब्द कुणी मोडला?

पण माझा जीव अडकलाय तो स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये. 5 फेब्रुवारी 1916 ला ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्ज या जर्मन कवी-कलाकार जोडीने तिथे 'कॅबरे व्होल्टेर' सुरू केलं, गाणी-कवितांचे कार्यक्रम व्हायचे अशी जागा. दादा चळवळ इथेच जन्मली. सोळा दिवसांनी फ्रान्समध्ये महायुद्धातली व्हर्दंची लढाई पेटली, ती डिसेंबरपर्यंत चालली. बाल स्वतः 1914 मध्ये सैन्यात भरती व्हायला गेला होता, त्याला घेतलं नाही. मग बेल्जियममध्ये जाऊन युद्ध डोळ्यांनी पाहिलं आणि त्याचं मन पार फिरलं. पुढच्या वर्षी दोघांनी जर्मनी सोडली.

1916 च्या जूनमध्ये बाल कॅबरेच्या स्टेजवर आला तो असा: पाय चकचकीत निळ्या पुठ्ठ्याच्या नळीत, खांद्यांवर पुठ्ठ्याचीच भली मोठी कॉलर, आतून लाल, बाहेरून सोनेरी, डोक्यावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उंच टोपी. कोपरं हलवली की कॉलर पंखांसारखी वरखाली व्हायची. चालता येईना, म्हणून अंधारात उचलून आणला होता. आणि म्हणायला लागला, "गाद्जी बेरी बिम्बा..." कुठल्याच भाषेत अर्थ नसलेली कविता. वर्तमानपत्रांनी भाषा नासवलीय, असं त्याचं म्हणणं होतं. ज्या शब्दांनी पोरांना खंदकात धाडलं, ते शब्द त्याला तोंडात नको होते. मला हे पूर्ण पटतं.

म्हणता म्हणता त्याच्या आवाजाला चर्चमधल्या विलापाचा संथ सूर लागला. ठरवून नव्हे, त्याने डायरीत तसं लिहून ठेवलंय. लहानपणी कॅथलिक प्रार्थनांमध्ये ऐकलेलं सगळं त्या पुठ्ठ्याच्या वेशात वर आलं. शेवटी घामाने निथळत असताना त्याला पुन्हा उचलूनच न्यावं लागलं.

1920 मध्ये बर्लिनच्या दादावाल्यांनी प्रदर्शनात छताला लष्करी गणवेशातला पुतळा टांगला, डुकराच्या तोंडाचा. लष्कराचा अपमान म्हणून खटला भरला गेला, त्यांच्यातल्या जॉर्ज ग्रॉस या चित्रकाराला त्याच्या लष्करावरच्या चित्रसंचासाठी 300 मार्क दंड झाला. थिल्लरपणासाठी कुणी कोर्टात खेचत नाही हो.

बालची ती कविता मी एकदा घरात मोठ्याने वाचली. पहिल्या दोन ओळींना मुलगी खो खो हसली. चौथ्या-पाचव्या ओळीला माझा आवाज आपोआप खाली आला, आणि ती जवळ येऊन बसली.