पटकथा मुंबईत ठेवा, ड्रोन तेवढा आणा

सिनेमा करायचाय आणि गोष्ट सापडत नाहीये? मग कोकणात या. गोष्ट नसलेल्या दिग्दर्शकाची आमच्याकडे जेवढी सोय होते तेवढी घाटावर होणार नाही. कॅमेरा कुठेही ठेवा, समोर माड, खाली खाडी, वर ढग. पहिली बारा मिनिटं कुणी काही बोललं नाही तरी समीक्षक ‘इथे निसर्ग हेच पात्र आहे’ असं लिहून मोकळा होतो. शिवाय ह्या पात्राला मानधन द्यावं लागत नाही.

घर बघताना ते पडायला आलेलं आहे ना, एवढंच बघा. आमच्याकडे एक युनिट आलं होतं. नाव कशाला घ्या. पाहुणे येणार म्हणून काकूने आदल्या दिवशी सोडण (नारळाचं सालपट) घेऊन चिऱ्याच्या गडग्यावरचं, म्हणजे दगडी कुंपणावरचं, सगळं शेवाळ घासून काढलं. दिग्दर्शक आला, त्याने गडगा पाहिला आणि डोक्याला हात लावून खळ्यातच बसला. त्याला गडगा नको होता, शेवाळ हवं होतं. मग त्याच्या माणसांनी रंग, भुसा आणि कसलासा डिंक कालवून दोन दिवसांत नवं शेवाळ केलं. (ते अजून निघालेलं नाही.)

पुढे पाऊस. महिना जुलै, जिल्हा सिंधुदुर्ग, जिथे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. तरी टँकर मागवा. हसू नका, कारण खरं आहे: नुसता पाऊस कॅमेऱ्यात नीट दिसत नाही, मागून दिवा मारला तर धारा उमटतात, आणि खरा पाऊस काही दिव्याची वाट बघत थांबत नाही. काकू छत्री घेऊन विचारत होती, “आमचो पाऊस नको? मगे ह्यो टँकर कित्याक?”

त्या टँकरच्या पावसात पिवळ्या साडीतली एक बाई कंदील घेऊन विहिरीपाशी उभी राहिली. अख्खा दिवस. संध्याकाळी काकूने दिग्दर्शकाला गाठलं, “त्या बायेचा फुडे काय झाला?” तो म्हणाला, “ते प्रेक्षकांनी ठरवायचं.” हे वाक्य पाठ करा, जन्मभर पुरेल. काकूने मात्र तिथल्या तिथे ठरवून टाकलं: नवरा मुंबईला गिरणीत, तीन महिने मनीऑर्डर नाही, आणि कंदील आता विहिरीत पडणार. युनिटमधल्या कुणालाच एवढं माहीत नव्हतं.

कुणी वाद घातलाच तर थोरांची नावं हाताशी असू द्या, पण अर्धीच माहिती सांगा. गुरुदत्तचा ‘कागज़ के फूल’ १९५९ साली पडला आणि आज त्यातल्या प्रकाशझोताचे गोडवे गातात, म्हणजे जो पडतो तो थोर. त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांनी ऊन स्टुडिओत आणलं हे जरूर सांगा. त्या झोतात उभ्या असलेल्या दोघांना एकमेकांजवळ का जाता येत नाही, ते मात्र काढू नका. झोत कशासाठी आहे हे लोकांना कळेल.

‘तुंबाड’चं नाव तर जपूनच घ्या. २०१८चा हा सिनेमा, नाव आमच्या खेड तालुक्यातल्या गावाचं. पावसासाठी त्यांनी कित्येक पावसाळे घालवले. पण तिथला पाऊस हा देवांचा शाप आहे, म्हणून तो थांबत नाही. पावसाला असं कामाला लावलेलं एकदा पाहिलं की तुमचा टँकर उगाच आल्यासारखा वाटायला लागतो.

भन्साळींचा दाखला द्यायचा तर २००२चा ‘देवदास’ द्या, २००७चा ‘सावरिया’ नको. डोळे दिपवण्यात दोन्ही सारखेच. पण देवदास पारोच्या दाराशी येऊन मरणार हे शरच्चंद्रांनी कादंबरीत १९१७ सालीच छापून ठेवलं होतं, बरुआ आणि बिमल रॉय आपापल्या सिनेमांत ते दाखवूनही गेले होते. माणसं गोष्ट घरूनच घेऊन आली, म्हणून झुंबरं बघायला डोळे मोकळे. ‘सावरिया’त मला ती निळ्या रंगाखाली चाचपावी लागली.

एक धोका सांगून ठेवतो. जत्रांच्या दिवसांत शूटिंग लावू नका. देवळासमोर रात्रभर दशावतार चालतो आणि तुमची माणसं तिकडे जाऊन बसतील. तिथे लिहिलेली संहिता नाही. मागे पडदा, पुढे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच पलंग. नट आपला रंग आपणच लावतो. झगमगाट म्हणाल तर मुकुटापासून पायापर्यंत. तुमच्या बाजूने पुरावा मिळेल म्हणून मी काकूला विचारलं, गोष्ट ठाऊक असताना पहाटेपर्यंत का बसतेस?

“ठावक आसा म्हणान तर बसतंय. आज कीचक कसो मरता ता बघूचा नको?”

परवा तो सिनेमा काकूला मोबाइलवर दाखवला. पिवळी साडी आली, विहीर आली, पाऊस आला. कंदील शेवटपर्यंत हातातच. काकूने चष्मा काढला, पदराने पुसला.

“गडगो मात्र बरो दिसता हां.”