अफूच्या जहाजाआधीची बाराशे वर्षे

इतिहास शिकवण्यात हयात गेलेल्या माझ्या मामांनी गेल्या रविवारी घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश पुढे पाठवला आणि खाली लिहिले, ‘विचार करण्यासारखे आहे.’ ख्रिस्ती धर्म चीनमध्ये अफूच्या जहाजातून आला, मिशनऱ्यांनी चिनी वेश घेतला तो फसवणुकीसाठी, चिनी ख्रिस्ती परदेशी पैशावर जगतात आणि बायबलवर बंदी घातल्यामुळेच चीन पुढे गेला, असे चार दावे त्यात होते. अनोळखी माणसाने पाठवला असता तर पुसून टाकला असता. मामांना मात्र उत्तर देणे भाग आहे.

पहिले अफूप्रकरण, कारण विष त्यातच आहे. शिआनच्या संग्रहालयात इसवी सन ७८१ मधला एक शिलालेख उभा आहे. अलोपेन नावाचा ख्रिस्ती धर्मगुरू ६३५ मध्ये राजधानी छांगआनला पोहोचला आणि सम्राट थायत्सुंगने त्याचे स्वागत केले, असे त्यावर चिनी लिपीत कोरलेले आहे. ब्रिटन आणि चीनमधले पहिले अफूयुद्ध पेटले १८३९ मध्ये, म्हणजे त्यानंतर तब्बल बाराशे वर्षांनी. ती जुनी परंपरा पुढे खंडित झाली, हे मान्य. पण १५८२ मध्ये गोव्याहून मकावला गेलेला इटालियन जेझुइट धर्मगुरू मातेओ रिची तरी कोणत्या अफूच्या जहाजातून उतरला?

या दाव्यात अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने का होईना, कबूल केले पाहिजे. कार्ल गुत्सलाफ हा मिशनरी अफूच्या जहाजावर दुभाष्या म्हणून गेला आणि त्याच फेरीत त्याने धर्मपुस्तिका वाटल्या. चीनने पाश्चात्त्य सत्तांशी केलेल्या १८५८ च्या थिएनचिन तहाने मिशनऱ्यांना देशाच्या अंतर्भागात जाण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षीच्या जकातीच्या कराराने अफूचा व्यापारही कायदेशीर झाला. हा डाग पुसता येत नाही. परंतु व्यसनमुक्तीची आश्रयगृहे उघडणाऱ्यांत आणि अफूविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांतही मिशनरी आणि चिनी ख्रिस्ती होतेच. शान्शी प्रांतातला शी हा विद्वान स्वतः अफूत बुडालेला होता. धर्मांतरानंतर त्याने व्यसन सोडले, ठिकठिकाणी अशी आश्रयगृहे चालवली आणि ‘सैतानाला जिंकणारा’ अशा अर्थाचे शंगमो हे नाव घेतले. शिवाय माळव्याची अफू चीनला रवाना होत होती ती मुंबई बंदरातून, आणि त्या पैशावर इथल्या कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. अफूचा हिशेब मांडायचाच असेल, तर ही नोंद वगळून चालणार नाही.

वेशाबद्दल थोडेच. रिचीने आधी बौद्ध भिक्षूंची वस्त्रे घातली, पण चीनमध्ये मान विद्वानांना आहे हे उमगल्यावर १५९५ मध्ये त्यांचा झगा स्वीकारला आणि पुढे चिनी विद्वान शू क्वांगछी यांच्याबरोबर युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा प्रकरणे चिनीत आणली. इंग्रज मिशनरी हडसन टेलरने चिनी वेश घेऊन वेणी राखली, तेव्हा त्याची टिंगल केली ती शांघायमधल्या युरोपियनांनी. समोर उभा असलेला माणूस परदेशी आहे, हे चिनी लोकांना दिसतच होते. समोरच्याच्या रीतीने राहण्याला मामांच्या शिकवणीत शिष्टाचार म्हणत, फसवणूक नव्हे.

परदेशी पैशाचे उत्तर तर खुद्द चीन सरकारनेच देऊन ठेवले आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी मिशनरी जवळजवळ सगळे देशाबाहेर पडले, आणि त्या वेळी प्रोटेस्टंटांची संख्या साधारण दहा लाखांच्या आसपास होती. सरकारच्या २०१८ च्या श्वेतपत्रिकेत ती ३ कोटी ८० लाखांहून अधिक दिली आहे. नोंदणीशिवाय घरांतच प्रार्थनेसाठी जमणाऱ्या मंडळ्यांमधले कित्येक जण त्या आकड्यात नसावेत, ते वेगळेच. ही वाढ पैसा पाठवणारे निघून गेल्यानंतरची आहे, आणि मधल्या सांस्कृतिक क्रांतीत तर सगळी चर्चेस बंद होती.

राहिले बायबल. २०१८ मध्ये त्याची ऑनलाइन विक्री थांबवली गेली आणि पुस्तकांच्या दुकानांत ते सहसा मिळत नाही, एवढे खरे. पण नानचिंगच्या अ‍ॅमिटी छापखान्यातून २०१९ पर्यंत बायबलच्या वीस कोटी प्रती बाहेर पडल्या होत्या, आणि त्यांतल्या कोट्यवधी प्रती चीनमधल्याच चर्चमधून विकल्या गेल्या. बंदी घालून कोणी स्वतःच्या देशात एवढे छापत नाही, मामा.