मुलांना विचारू नका, म्हणे!

आमच्या घरच्या ग्रुपवर जाऊबाईंनी परवा एक मेसेज टाकला. ‘पालकांनो, वेळीच जागे व्हा’ ही सुरुवात, मध्ये लाल उद्गारचिन्हांची रांग आणि शेवटी ‘किमान दहा ग्रुपवर पाठवा’. असले मेसेज मी उघडतही नाही. हा उघडावा लागला, कारण तो वाचून त्यांनी माझ्या नववीतल्या पुतण्याच्या शाळेतून आलेल्या आरोग्य सर्वेक्षणाच्या संमतिपत्रावर ठसठशीत अक्षरात ‘नाही’ लिहून पाठवलं. शिवाय सोसायटीतल्या इतर आयांनाही तेच करायला लावलं. नंतर कळलं की माझ्या दोन मैत्रिणींकडेही तोच मेसेज फिरून आलाय, अक्षरन् अक्षर तोच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आठवी ते दहावीच्या मुलांना शाळेत बसवून ‘तंबाखू खातोस का, दारू प्यायलास का, जीव द्यावासा वाटतो का’ असं विचारतात आणि त्यामुळे नको ते त्यांच्या डोक्यात शिरतं. चांगल्या घरातली मुलं असलं काही करत नाहीत, ही परदेशी थेरं आहेत. मुलं तर खोटंच लिहितात. त्यांची नावं पोलिसांकडे आणि विमा कंपन्यांकडे जातात. पालकांना कुणी विचारत नाही. आणि वजन-उंची मोजतात ती ‘कशासाठी, ते सुज्ञांस सांगणे न लगे’.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. सुज्ञांस सांगा की! शाळेत वजन-उंची घेतात ती मूल वयाच्या मानाने खुरटलंय की फुगलंय ते बघायला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांत जाऊन हेच करतात, आणि अनेकांच्या हृदयाचे किंवा डोळ्यांचे दोष त्या तपासणीतच सापडतात. पण ‘तुम्हीच ओळखा’ असं म्हटलं की वाचणारा थेट मुलं पळवण्यापर्यंत पोहोचतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं ते मोबाईलवर फिरणाऱ्या मुलं पळवण्याच्या अफवेपायीच. तेव्हा सूचक टिंबं टिंबं टाकून मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी जरा भान ठेवावं.

आता मुख्य मुद्दा. ‘विचारल्याने डोक्यात शिरतं.’

ही भीती खोटी नाही, ती कुठल्याही आईला वाटेल. मला त्याबद्दल जाऊबाईंची कीव येत नाही. राग येतो तो ही भीती ‘सिद्ध झालंय’ म्हणून विकणाऱ्याचा. कारण जे तपासलं गेलंय ते नेमकं उलटं सांगतं. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलांत संशोधक मॅडेलिन गुल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न घेऊन प्रयोग केला. तो २००५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २,३४२ मुलं-मुली होती. वर्गांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. निम्म्यांच्या प्रश्नावलीत आत्महत्येविषयीचे प्रश्न घातले, निम्म्यांच्या प्रश्नावलीत ते गाळले. दोन दिवसांनी सगळ्यांना पुन्हा प्रश्नावली दिली, आणि या वेळी आत्महत्येचे प्रश्न सगळ्यांनाच होते.

फॉरवर्डवाल्याचं खरं असतं, तर पहिल्यांदा ज्यांना विचारलं ती मुलं जास्त अस्वस्थ निघायला हवी होती, त्यांच्या मनात मरणाचे विचार जास्त यायला हवे होते. तसं काही निघालं नाही. अस्वस्थतेत फरक नाही, विचारांतही नाही. मग कुणी म्हणेल, ठणठणीत मुलांचं ठीक आहे, पण जी आधीच खचलेली आहेत त्यांचं काय? तेही पाहिलंय. नैराश्य असलेली किंवा पूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केलेली मुलं विचारल्यामुळे आणखी खचली नाहीत. उलट नैराश्य असलेली ज्या गटात विचारलं त्या गटात जरा कमी अस्वस्थ आढळली. ज्याच्या मनात ते आधीच घोळतंय, त्याला कुणीतरी सरळ विचारलं याचा थोडा आधारच वाटत असावा. हा अंदाज माझा, प्रयोगाचा नव्हे.

न्यूयॉर्कची मुलं म्हणजे सांगली-साताऱ्याची मुलं नव्हेत, हे मला मान्य आहे. पण मग ‘विचारल्याने बिघडतात’ म्हणणाऱ्याने आपल्याकडचा एक तरी अभ्यास दाखवावा ना! त्याच्याकडे न्यूयॉर्कही नाही आणि नागपूरही नाही, नुसती लाल उद्गारचिन्हं आहेत.

आणि न विचारून काय साधतं, तेही बघू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांत पहिला नंबर महाराष्ट्राचा, १,७६४. या मुलांना शाळेतल्या कुठल्या कागदाने हे शिकवलं नव्हतं. बऱ्याच घरांत नंतर एकच वाक्य ऐकू येतं, ‘काही बोललाच नाही हो.’ बोलणार कसा? त्याला विचारणं म्हणजे पाप, हे आपणच ठरवून टाकलंय. (हे वाचताना कुणाला आपलं घर आठवलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.)

‘चांगल्या घरातली मुलं असलं करत नाहीत’ या मुद्द्याला मी खरं तर उत्तरही दिलं नसतं. पण काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या तंबाखूविषयीच्या सर्वेक्षणात मी प्रश्नावल्या वाटायचं काम केलंय, म्हणून लिहिते. गावातली शाळा, आठवीचा वर्ग, दुपारची वेळ. पोरं कंपासपेटी आडवी लावून उत्तरं झाकत होती, परीक्षेत झाकतात तशी. ‘तंबाखूचा कुठलाही पदार्थ कधी वापरला आहे का’ या प्रश्नाशी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी अडली. दोन वेण्या, तेल लावून चप्प बसवलेल्या. हळूच म्हणाली, ‘मॅडम, मिश्री धरायची का यात?’ मी ‘हो’ म्हटल्यावर मागच्या बाकांवर खोडरबर चालू झाले. चांगल्या तीन-चार मुलींनी उत्तर बदललं. यांच्या घरी आजी मिश्री भाजते, आई लावते, मुलगी दात घासायला म्हणून बोटावर घेते. कुणी बिघडलेलं नाही, कुणी परदेशी नाही. घरातून आलेलं व्यसन आहे आणि ते व्यसन आहे हे घरात कुणाच्या गावीच नाही.

देशाचे आकडे हवे असतील तर जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाची चौथी फेरी पाहा. २०१९ साली ती आपल्या मुंबईतल्या, देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली. परदेशी थेरं म्हणणाऱ्यांनी पत्ता टिपून घ्यावा. १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरत होते. मुलगे ९.६ टक्के, मुली ७.४ टक्के, म्हणजे मुलीही फार मागे नाहीत. महाराष्ट्राचा आकडा ५.१ टक्के, साठ जणांच्या वर्गात तिघं. पण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच आकड्याने: बिनधुराची तंबाखू वापरलेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस यायच्या आत सुरू केली होती. दहावा! म्हणजे आठवीत विचारल्याने डोक्यात शिरतं म्हणता, त्याच्या आधी चार वर्षं ती तोंडात गेलेली असते.

आणखी एक गंमत. २००९ च्या फेरीत तंबाखू वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण १४.६ टक्के होतं. दहा वर्षांत ते ८.५ वर आलं. सर्वेक्षणामुळे कमी झालं असं मी म्हणणार नाही. त्यामागे कायदे आहेत, गुटखाबंदी आहे, पाकिटावरची चित्रं आहेत, शाळांनी घेतलेली मेहनत आहे. पण विचारल्याने मुलं शिकत असती, तर निदान आकडा वर तरी जायला हवा होता. आणि न विचारता तो खाली आला हे कळलं तरी कसं असतं?

‘मुलं खोटं लिहितात.’ लिहितात, काही लिहितात. हे अर्धं खरं आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय, कारण शिक्षक बाकांमधून फेऱ्या मारत असले की काय होतं ते मी पाहिलंय. सगळ्यांचं ‘नाही, नाही, नाही’. बढाया मारणारेही असतात. पण ही गोष्ट सर्वेक्षण करणाऱ्यांना माहीत नाही असं फॉरवर्डवाल्याला वाटतं, हे नवल! युरोपातल्या शाळांत १९९५ पासून चालणाऱ्या ‘एस्पॅड’ सर्वेक्षणाने नशेच्या पदार्थांच्या यादीत ‘रेलेव्हिन’ नावाचा पदार्थ घुसवला होता. असा पदार्थ जगात नाही. जो म्हणेल ‘मी घेतलाय’, तो फेकतोय हे तिथेच कळतं. खोटं लिहिण्यावरचा उपाय सर्वेक्षण बंद करणं हा नाही. कागदावर नाव नको आणि गुरुजी वर्गाबाहेर हवेत, हा आहे.

म्हणूनच नावं पोलिसांकडे जातात हा मुद्दा दोन ओळींत संपतो. अशा प्रश्नावलीवर नाव नसतं, हजेरी क्रमांक नसतो. जे लिहिलंच नाही ते कुणाला देणार? पण हीच अफवा मुलांच्या कानावर गेली की ती घाबरून खोटं लिहितात, आणि मग हाच मेसेज म्हणतो, बघा, मुलं खोटं लिहितात.

राहिलं ‘पालकांना विचारत नाहीत’. जाऊबाईंना हे सांगताना हसू आवरेना, कारण ज्या कागदावर त्यांनी ‘नाही’ लिहिलं तो कागद विचारणाराच होता. तरीही इथे मेसेज सगळा चुकलेला नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: संशोधनात मूल घ्यायचं तर पालकांची संमती हवी, आणि बारा ते अठरा वयाच्या मुलाची स्वतःचीही लेखी संमती हवी. प्रत्यक्षात अनेक शाळांत काय होतं? चार ओळींची चिठ्ठी वहीत चिकटवतात, काय विचारणार ते सांगत नाहीत, आणि मुलाला ‘तुला द्यायचंय का’ असं विचारणं म्हणजे वेळेचा अपव्यय समजतात. अशा शाळांनी या मेसेजला आयतं खाद्य पुरवलंय. पालक चिडले तर त्यात नवल नाही.

म्हणून जाऊबाईंना मी सांगितलं, शाळेत जा आणि प्रश्नावली दाखवा म्हणा. नाव लिहायचं का, विचारा. उत्तरं लिहिताना वर्गात शिक्षक असणार का, विचारा. वाचून एखाद्या मुलाला त्रास झाला तर तो कुणाकडे जाईल, त्या माणसाचं नाव विचारा. आणि तुमच्या मुलाला त्याचं मत विचारा, तो चौदा वर्षांचा आहे. यातल्या एकाही प्रश्नाला शाळेने टोलवाटोलवी केली तर ‘नाही’ लिहा, खाली मीही सही करते.

त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. मेसेज मात्र ग्रुपवर आज दुसऱ्यांदा आलाय, या वेळी मावसदिरांकडून.