घरासमोर रस्ता हवाय? आंतरराष्ट्रीय स्पर्धा मागवा!

घरासमोरचा रस्ता उखडलाय म्हणून तुम्ही ॲपवर खड्ड्याचा फोटो टाकता. तक्रार क्रमांक येतो. चार दिवसांनी "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे" असा संदेश येतो, आणि खड्डा जिथल्या तिथे. यात यंत्रणेला दोष देऊ नका. चूक तुमची आहे. तुम्ही रस्ता मागता तो करदाता म्हणून. पुण्यात रस्ता करदात्याला मिळत नसतो, पाहुण्याला मिळतो. तेव्हा इथून पुढे अर्ज करायचा तो रस्त्यासाठी नाही, स्पर्धेसाठी.

ताजं उदाहरण घ्या. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली. १९ ते २३ जानेवारी, एकूण ४३७ किलोमीटर, मुळशी-मावळापासून पुरंदर-बारामतीपर्यंत. शर्यत आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या वेळापत्रकातली, त्यामुळे परदेशी संघ येणार होते आणि त्यांच्याआधी डांबर अंथरणारं पेव्हर यंत्र येणं भाग होतं. मुरूम, पेव्हिंग ब्लॉक आणि कुलदैवत यांच्या भरवशावर आपण ज्या रस्त्यांवरून वर्षानुवर्षं दुचाकी हाकली, ते बघता बघता गुळगुळीत झाले. चेंबरचं झाकण आणि रस्ता एका पातळीत येऊ शकतात, हे आपल्याला आपल्याच गावात पाहायला मिळालं. त्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या एका कचेरीची नियमावली लागली, इतकंच.

यामागचं शास्त्र नीट समजून घ्या, म्हणजे मनात अढी राहणार नाही. शर्यतीच्या सायकलचं टायर असतं साधारण २८ मिलिमीटर रुंद. तुमच्या स्कूटरचं त्याच्या तिप्पट. म्हणजे त्यांच्यासाठी जो खड्डा, तो तुमच्यासाठी फार तर पृष्ठभागातला चढउतार. शिवाय शंभरावर सायकली ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने एकमेकींना खेटून निघतात. पुढचा एक आपटला की मागचे वीस आपटतात आणि ते जगभर थेट दिसतं. तुम्ही आपटलात तर ते फक्त मागून येणाऱ्या पीएमपीच्या ड्रायव्हरला दिसतं, तेही त्याचं लक्ष असेल तर. इतकी साधी गोष्ट लक्षात न घेता लोक मणक्याचे एक्स-रे घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जातात.

तर पहिलं काम म्हणजे शर्यतीचा मार्ग ठरायच्या आत हालचाल करणं. मार्गापासून एक गल्ली आत राहणाऱ्यांना माहीत आहे, डांबर वळणाशी येऊन थांबतं. वळणाच्या अलीकडे सिंगापूर, पलीकडे आपण. म्हणून सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगची भांडणं तासभर बाजूला ठेवा आणि एकमताने ठराव करा की आमच्या गल्लीत चढ आहे. शर्यतवाल्यांना चढ फार आवडतो. खरोखरचा चढ नसला तरी काळजी नको, राडारोडा टाकून तो तयार करता येतो. टेकड्यांच्या पायथ्याशी हे काम रात्रीच्या अंधारात कोणी ना कोणी नेमाने करतच असतं, त्यांचा सल्ला घ्या.

त्या जानेवारीचा योगही दुर्मीळ होता. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं शहराला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. अखेर मतदान झालं १५ जानेवारीला आणि सायकली सुटल्या १९ ला. एकाच आठवड्यात मतदारही राजा आणि सायकलपटूही राजा! तुमच्या भागात तेव्हा पडलेलं डांबर नक्की कोणाच्या नावचं, असा प्रश्न पडला असेल तर ओळखायची खूण सोपी आहे. सलग पट्टा असेल तर तो सायकलींसाठी. ठिगळं असतील तर ती तुमच्यासाठी.

आता कोणी म्हणेल, पुणे हे तर सायकलींचंच गाव होतं, मग पुणेकरांसाठी सायकलचं काय? फार जुनाट विचार आहे हा. २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, आठशेहून जास्त किलोमीटरच्या मार्गांचा. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली रस्त्यारस्त्यांवर आल्या. पुढे त्यांतल्या काही नदीपात्रात निघाल्या, काहींची नुसती चाकं उरली आणि बाकीच्या कुठे गेल्या ते विचारू नये. जे सायकलमार्ग प्रत्यक्ष झाले, त्यांवर चारचाकी लावायची सोय उत्तम आहे. भेळेची गाडी, विजेचा डीपी, मंडळाचा मांडव आणि नंबरप्लेटचा स्टॉल यांनाही तिथे हक्काची जागा मिळते. सायकल ही वस्तू चालवायची नसून बॅरिकेडच्या मागे उभं राहून बघायची आहे, हे आपण स्वीकारलं की सगळा विरोधाभास मिटतो. शाळेतल्या मुलांना झेंडे देऊन कडेला उभं करा. तीच मुलं दुसऱ्या दिवशी सायकलवरून शाळेत जायचं म्हणाली, तर त्यांना वेड लागलंय का असं विचारा.

पाहुणा आला की गाव सजतं, ही आपल्याकडे नवी रीत नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली, तेव्हा तिच्या भोवताली शेतं होती. त्या वेळी ज्यांचं लक्ष धावपटूंकडे होतं त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी आले. ज्यांचं लक्ष सातबाऱ्याकडे होतं त्यांना आज टाळ्या वाजवायला माणसं ठेवता येतात. नवोदितांसाठी माझा सल्ला हाच की कोणत्याही क्रीडा महोत्सवात मैदानाकडे पाठ करून बसावं. खरा खेळ कुंपणाबाहेर चालू असतो, त्याला निर्णायक शिटी नसते आणि त्यात उत्तेजक द्रव्यांची चाचणीही होत नाही.

२००८ च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल युवा स्पर्धा आल्या. पुन्हा रंग, पुन्हा दिवे, पुन्हा दुभाजकांत फुलझाडं. त्या काळात गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल नवाकोरा होता आणि शहराची वाहतूक आता मोकळा श्वास घेणार, असं जो तो सांगत होता. जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा असताना, २०२० मध्ये, मेट्रोला आडवा येतो म्हणून तो पाडला. यावर हळहळू नका. पूल बांधणं हा विकास, पूल पाडणं हाही विकास, आणि त्याच जागी दुमजली पूल बांधेपर्यंतची वर्षं म्हणजे तर विकासाचा सुवर्णकाळ. तीनदा निविदा निघतात, एका पुलात तीन पूल.

एक गोष्ट मात्र या लेखाला गैरसोयीची आहे, ती सांगून टाकतो. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, तो बालेवाडीच्याच नेमबाजी केंद्रात वर्षानुवर्षं सराव करत होता. म्हणजे मैदान उघडं ठेवलं, रेंज चालू ठेवली, प्रशिक्षक टिकले, तर तीसेक वर्षांनी का होईना, उपयोग होतो. पण हा मार्ग फार संथ आहे आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही, त्यामुळे मी त्याची शिफारस करणार नाही. त्यापेक्षा जून २०२१ चा मार्ग जलद. त्या वेळी बालेवाडीत एका बैठकीला आलेल्या मान्यवरांच्या मोटारी थेट धावमार्गावर जाऊन उभ्या राहिल्या आणि क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. कशाला? धावमार्गावर वेगाने जाणारं काहीतरी असावं एवढीच अपेक्षा असते.

खेळच हवेत असंही नाही. जी-२० च्या पायाभूत सुविधा कार्यगटाची पहिली बैठक जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झाली. उद्याच्या शहरांसाठी पैसा कुठून उभा करायचा, असा विषय होता. उद्याच्या शहरांचं ते बघतीलच. आजच्या शहराला तेवढ्यापुरते भिंतींवर चित्रांचे दोन हात मारून मिळाले. तेव्हा तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडची भिंत पडायला झाली असेल तर एखाद्या कार्यगटाचा शोध घ्या. भिंत पडेलच, पण मोर काढलेली पडेल.

आता थोडं मोठं बघू. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं आणि तिथेच भारत २०३६ च्या ऑलिंपिकसाठी प्रयत्न करणार, असं पंतप्रधानांनी जाहीर केलं. अधिवेशन मुंबईत, आणि २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा गेल्या अहमदाबादला. पुणेकराने यावर वाईट वाटून घेऊ नये. "आम्हाला नकोच होत्या" असं म्हणावं, पण त्याआधी आपल्याकडे निदान कबड्डीचे साखळी सामने तरी येतील का, याची चौकशी करून ठेवावी. आपल्या नाक्यावरचं डांबर साखळी सामन्यावरही भागेल.

अशा वेळी हमखास कोणीतरी अभ्यासू गृहस्थ मॉन्ट्रियलचं नाव काढतो. त्याला बोलू देऊ नका. १९७६ च्या ऑलिंपिकआधी तिथल्या महापौरांनी ठणकावून सांगितलं होतं की पुरुषाला जसं मूल होणं शक्य नाही, तसा ऑलिंपिकला तोटा होणं शक्य नाही. पुढे त्या बाळंतपणाचं कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. पण बघा, तीस वर्षं कर्ज फेडावं लागलं तरी असा महापौर पुतळ्याच्या लायकीचा ठरतोच. खरं शिकायचं ते डेन्व्हर आणि हॅम्बुर्गकडून. डेन्व्हरने १९७२ साली आणि हॅम्बुर्गने २०१५ साली थेट लोकांनाच विचारलं की ऑलिंपिकवर पैसे घालायचे का. लोक नाही म्हणाले. लोकांना विचारलं की लोक उत्तर देतात, हा धोका त्यांच्या आधी लक्षात यायला हवा होता. ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य तर आणखी पुढचं. खर्चाचा अंदाज फुगला म्हणून त्यांनी २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा २०२३ मध्ये सरळ परत केल्या. अंदाज फुगला म्हणून! आपल्याकडे अंदाज फुगल्याशिवाय तो अंदाज आहे असं कोणी मानतच नाही.

तर मंडळी, आता बसा आणि अर्ज लिहा. मराठीत लिहा, म्हणजे तो वाचायला तरी काढतील. आणि सोबत एक इंग्रजी पीपीटी जोडा, म्हणजे न वाचता मंजूर करतील. विषय: आमच्या गल्लीत जागतिक दर्जाची स्पर्धा भरवण्याबाबत. पहिल्या परिच्छेदात शिवाजी महाराज, दुसऱ्यात खाशाबा जाधव, तिसऱ्यात रोजगारनिर्मिती. चौथ्या परिच्छेदात "परदेशी पाहुण्यांसमोर शहराची प्रतिमा" हे शब्द दोनदा येऊ द्या, त्याने फाइल हलते. ड्रेनेजची लाइन, पावसाळी गटार, पदपथ आणि मेन गेटपासून चौकापर्यंतचं डांबरीकरण हे सगळं "अनुषंगिक कामे" या सदराखाली टाका. खर्चाचा आकडा पेन्सिलने लिहा. आणि खेळाचा रकाना रिकामाच ठेवा, तो काय, रस्ता झाल्यावरही ठरवता येईल.