कार्डाचं खातं उघडून पाहू नये

राजेहो, क्रेडिट कार्ड काढलंत ते बरं केलंत. नागपुरात बर्डीच्या बाजारात खरेदीला गेलात, टेबल मांडून बसलेल्या पोरानं "काका, फक्त एक सही" म्हटलं आणि तुमच्याच्यानं त्याला नाही म्हणवलं नाही. होतं असं. आता ते खातं ऑनलाइन कसं सांभाळायचं, ते मात्र मला विचारा. बारा वर्षांचा अनुभव आहे. त्यातली अकरा वर्षं मला आत शिरताच आलं नाही, आणि खरं सांगतो, तीच सुखात गेली.

पहिलं म्हणजे नोंदणीला स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही. भाच्याचा द्यायचा. फॉर्म भरताना तोच शेजारी बसलेला असतो आणि "मामाजी, माझाच टाकून देतो, तुम्हाला कुठं मेसेज वाचता येतात" असं म्हणतो. पुढे भाचा हिंजवडीला नोकरीवर जातो. मग मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, तुम्ही कूलरसमोर बनियनवर बसून खातं उघडता. ओटीपी जातो पुण्याला. भाचा मीटिंगमध्ये. तो बाहेर येऊन सहा आकडे सांगेपर्यंत पडद्यावर 'आपलं सत्र संपलं आहे' आलेलं असतं. याहून पक्की सुरक्षा कोणती? चोराचं सोडा, मालकालाही आत जाता येत नाही.

पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह लागतं आणि मागचा जुना पुन्हा चालत नाही. असा पासवर्ड डोक्यात ठेवायचा नसतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचा. डिसेंबर संपला की कॅलेंडर रद्दीत जातं आणि पासवर्डही आपोआप नष्ट होतो.

मग 'पासवर्ड विसरलात?' या दाराने जायचं. तिथे ग्राहक क्रमांक विचारतात. तो असतो स्टेटमेंटवर. स्टेटमेंट येतं ईमेलने, कुलूप लावून, आणि कुलपाची किल्ली म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं नि जन्मतारीख. सोपं आहे. फक्त माझ्या बँकेनं मला आदरानं श्री लावला होता आणि तो नावातच धरला होता. पहिली चार अक्षरं माझ्या नावाची नसून एस, एच, आर, आय आहेत, हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी स्वतःचं नाव चार प्रकारांनी लिहून पाहिलं. एकदा तर बायकोचंही.

खर्च करताना यातलं काही आडवं येत नाही, हे कधी ध्यानात आलं का? पाच हजारांपर्यंत कार्ड मशीनला टेकवलं की काम झालं, पिनसुद्धा नको. रुपे कार्ड असेल तर २०२२ पासून ते यूपीआयलाही जोडता येतं, म्हणजे तर्री पोह्याची प्लेट पुढच्या महिन्याच्या पैशांनी खाता येते. पैसे घालवायला निघालेल्या माणसावर पूर्ण भरवसा. तोच माणूस ते पैसे कुठं गेले हे पाहायला आला, की त्याला आधी ओटीपी, मग वाकडीतिकडी अक्षरं, आणि वरून 'तुम्ही यंत्रमानव नाही ना?' अरे बापा, यंत्रमानव असतो तर पंधरा हजाराचा शूज घेतला असता का?

चुकून आत शिरलातच, तर दोन आकडे दिसतील. एक मोठा, एक लहान. मोठ्याकडे पाहू नये, बीपी वाढतं. लहान आकडा म्हणजे किमान देय रक्कम, तीच भरायची. समजा उन्हाळ्यात कूलरनं भागेना म्हणून चाळीस हजारांचा एसी घेतला. पाच टक्क्यांनी किमान रक्कम आली दोन हजार. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज चौदाशे, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २५२. तुमच्या दोन हजारांतले एसीच्या वाट्याला गेले ३४८ रुपये. बाकीचे बँकेच्या एसीला गेले म्हणा. शिवाय थकबाकी उरली की बिनव्याजी मुदत जाते, तेव्हा नव्या खरेदीवर त्या दिवसापासूनच मीटर पडतं. ती पोह्याची प्लेटही आता व्याजी. असं करत राहिलात तर फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबेल, हा इशारा स्टेटमेंटवर छापायची रिझर्व्ह बँकेनं सक्तीच केली आहे. पण स्टेटमेंट कुलपात आणि किल्ली श्रीपाशी, त्यामुळे आपल्याला त्रास नाही.

ॲपमध्ये कुठंतरी बटणंही असतात. ऑनलाइन खरेदी चालू-बंद, परदेशी व्यवहार चालू-बंद, प्रत्येकाची मर्यादा वेगळी. २०२० च्या ऑक्टोबरपासून नव्या कार्डाची ही दारं मुळात बंदच येतात, हवी ती आपण उघडायची. तुम्ही सगळी सताड उघडा. रामटेकच्या पलीकडे गेला नसाल तरी परदेशी व्यवहाराचं दार उघडं पाहिजे, कोणाला कधी कशाची गरज पडेल सांगता येत नाही.

रिवॉर्ड पॉइंटांबद्दल काही सांगत नाही. ते संपले.

अडचण आली तर कस्टमर केअरचा नंबर कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो, पण त्यासाठी चष्मा शोधावा लागतो. त्यापेक्षा इंटरनेटवर नाव टाकून शोधा आणि सगळ्यात वर येईल तो लावा. खऱ्या-खोट्याची ओळख सोपी आहे. बँकेत लावला तर वीस मिनिटं सनई वाजते, मग 'हिंदीसाठी दोन दाबा'. चोर पहिल्या रिंगला उचलतो, "बोला काका" म्हणतो, जेवण झालं का विचारतो. एवढी आपुलकी वाटल्यावर तो सांगेल ते ॲप घ्यायचं, स्क्रीन दाखवायचा, ओटीपी वाचून दाखवायचा. माझा ओटीपी पुण्याला जातो म्हणून मी या सुखाला मुकलो.

पैसे गेले तर गवगवा करू नका, घराण्याची इज्जत असते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर आहे, त्यावर लगेच फोन केला तर पैसे वाटेतच अडवता येऊ शकतात, म्हणून तो करायचा नाही. चूक तुमचीही नाही न बँकेचीही नाही, आणि मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच लिहून ठेवलंय. तेव्हा चौथ्या दिवसापर्यंत दम धरा. ओटीपी स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आता बँकेला कशाला भुर्दंड? बँकेनं तीस दिवसांत ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात ऑनलाइन तक्रार करता येते, असंही म्हणतात. आपल्याला काय त्याचं. रिझर्व्ह बँकेची इमारत आपल्या चौकातच उभी आहे. चौकाचं नाव संविधान चौक झालं तरी आपण ऑटोवाल्याला 'रिझर्व्ह बँक चौक' सांगतो, हा आपला तिच्याशी संबंध.

आता खातं बंद करण्याचं. हे मी गेल्या वर्षी स्वतः केलं, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

नियम असा की अर्ज दिल्यापासून सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाही झालं तर दिवसाला पाचशे रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे. बंद करण्याची लिंकही वेबसाइटवर सहज दिसेल अशी हवी. मला ती सहज दिसली, तिसऱ्या आठवड्यात. अर्ज केला, भाच्यानं ओटीपी दिला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "सर, आमची काय चूक झाली?" लग्न मोडल्यावर सासरचे इतकं कळवळून बोलत नाहीत. मी हाव-हाव करत ऐकून घेतलं.

सात दिवस गेले. मी रोज पाचशे पाचशे मोजत होतो. साडेतीन हजार झाल्यावर फोन केला, तर कळलं की खात्यावर अकरा रुपये ऐंशी पैसे बाकी आहेत. शेवटच्या बिलापासून भरल्याच्या दिवसापर्यंतचं व्याज. आणि बाकी असेल तर ते पाचशे लागू होत नाहीत. अकरा रुपये ऐंशी पैसे भरायला पुन्हा आत शिरावं लागलं. पासवर्ड कॅलेंडरवर होता. कॅलेंडर तुम्हाला माहीतच आहे.

शेवटी झालं बंद. तान्ह्या पोळ्याचा दिवस होता, रस्त्यावर मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघालेली. मी घरात कैची घेऊन कार्डाचे चार तुकडे केले आणि मनातल्या मनात म्हटलं, इडापिडा घेऊन जा गे मारबत.

दसऱ्याला कुरिअरवाला आला. पाकिटात त्याच बँकेचं नवीन कार्ड, सोनेरी, आजन्म मोफत. फोनवरचं माझं हाव-हाव त्यांनी मनावर घेतलं होतं. मी घाबरलो नाही, आता मला नियम पाठ होते. तीस दिवस कार्ड चालू केलं नाही तर बँकेला ओटीपीनं संमती मागावी लागते, आणि ती मिळाली नाही तर खातं सात कामाच्या दिवसांत, फुकटात बंद. म्हणजे काहीच करायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझा आळस कायद्यात बसत होता. पाकीट कपाटात टाकलं आणि दिवाळी निवांत केली.

एकतिसाव्या दिवशी भाच्याचा फोन आला.

"मामाजी, तुमच्या बँकेचा ओटीपी आला होता. कामात होतो, हो करून टाकलं. काही लफडा तर नाही न?"