पोलाद पाठ करा, कांदा नंतर चिरा

चाकू घ्यायचा ठरवलात ना? मग एक पथ्य पाळा: तो हातात धरून बघू नका. मूठ तळव्यात बसते का, पातं किती जाड आहे, असले प्रश्न जन्मभर विळीवर बसलेल्यांनी विचारावेत. तुम्ही थेट पात्याच्या बुडाशी कोरलेलं पोलादाचं नाव वाचा. एस३०व्ही दिसलं तर मान डोलवा, ४२०एचसी दिसलं तर नाक मुरडा. कापून बघू नका. कापल्यावर मत बदलायचा धोका असतो.

तज्ज्ञ व्हायला दोन आकडे पुरतात. ४४०सी पोलादात कार्बन साधारण १ टक्का, ४२०एचसीत ०.४५च्या आसपास. म्हणजे निम्म्याहूनही कमी! एवढ्या भांडवलावर अमेरिकेतल्या बक कंपनीला फैलावर घेता येतं. १९६४ साली तिने ‘११०’ हा घडीचा चाकू काढला: पितळी टोकं, लाकडी मूठ, पातं ४४०सीचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पातं ४२५एमचं झालं आणि त्यानंतर दहाएक वर्षांत ४२०एचसीचं. ‘पैसे वाचवायला दर्जा मारला’ एवढं म्हणा आणि गप्प बसा. पुढे बोललात तर कोणी कारखान्यातलं काही विचारायचं.

कारखान्यात काय होतं ते मुळीच समजून घेऊ नका. ४४०सीत क्रोमियम कार्बाइडचे, म्हणजे क्रोमियम आणि कार्बन मिळून झालेले, मोठाले कठीण कण असतात. पत्र्यातून पातं तोडताना ते डायची, म्हणजे तोडणाऱ्या साच्याची, कड खातात. डाय पुन्हापुन्हा घासायला उतरवावी लागते, तोवर प्रेस उभा. ४२०एचसीत हे कण बारीक आणि थोडे, त्यामुळे पातं प्रेसमधून स्वच्छ सुटतं आणि पुढे घासायचे पट्टेही कमी जळतात. शिवाय ४४०सीची धार गेली की गिऱ्हाइकाला ती घरच्या दगडावर आणता येईना, हीही तक्रार होतीच. पण गिऱ्हाइकाची सोय हे दर्जा मारण्याचं कारण कसं असेल? सोडून द्या.

‘पाणी देणं’ हा विषय निघाला तर उठून जा. लोहार त्याला पाणी म्हणतो. या पोलादांच्या बाबतीत बहुधा तेल नाहीतर वायू असतो. पातं हजार अंशांच्या वर तापवायचं म्हणजे कार्बन विरघळतो, मग झपाट्याने थंड करायचं. तरी काही भाग मऊच राहतो, म्हणून बर्फाच्या कितीतरी खाली गोठवून त्यालाही कडक करायचं आणि शेवटी हलकं तापवून ठिसूळपणा काढायचा. बकसाठी हे पॉल बॉस या माणसाने बसवून दिलं आणि ‘निम्म्या कार्बन’चं पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापात ५८ला नेलं. तेच पोलाद दुसरा कोणी घाईत ५४वर सोडतो आणि आठवड्याभरात धार वळते. नाव दोन्ही पात्यांवर एकच कोरलेलं असतं, तेव्हा तुमच्या दृष्टीने पाती सारखीच.

जाडीचा विषय तर सर्वांत घातक. धारेच्या लगेच वर पातं ०.३ मिलिमीटर आहे की ०.८, हे कॅलिपरने मोजणारा माणूस घरात घेऊ नका. तो गाजर कापून दाखवेल. जाड पातं अर्ध्यात शिरतं, पाचरीसारखं अडतं आणि गाजर ‘कट्’ करून फुटतं; त्याच्या अंगावर तुटल्याची खरखर दिसते. पातळ पातं खालच्या पाटापर्यंत आवाज न करता जातं आणि चकती गुळगुळीत पडते. दोन्ही एस३०व्हीचीच असली तरी असं होतं. धारेचा कोन एका बाजूला २५ अंशांवरून १५वर आणला, तर पोलाद बदलून जेवढा फरक पडतो त्याहून जास्त पडतो. मात्र कोन पात्यावर कोरलेला नसतो, मग तो मिरवणार कसा?

धार लावायची वेळ येणार नाहीच, पण आली तर घरातला तांबडा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड घ्या. एस३०व्हीतलं व्हॅनेडियम कार्बाइड त्या दगडाहून कठीण असतं, त्यामुळे तासभर घासायचं समाधान नक्की मिळेल. डायमंड प्लेट आणू नका, काम लवकर संपतं. धारेच्या उतारावर मार्करची रेघ ओढून ती कुठे पुसली जाते ते पाहू नका, कोन चुकतोय हे कळेल. घासल्यावर धारेला चिकटून राहते ती धातूची बारीक कोर, म्हणजे बर, अंगठ्याने चाचपू नका, ती तशीच ठेवा. पहिले दोन टोमॅटो झकास कापले जातील, तिसऱ्याला बर मोडेल आणि तुम्हाला छातीठोक सांगता येईल, ‘पोलादच हलकं निघालं.’ कारखान्याहून आलेल्या धारेवरून शेवटचा निकाल देण्याची पद्धतही चांगली. मशीनवर घासताना ती कधीकधी जळून मऊ पडलेली असते आणि दोन-तीनदा घासल्यावर खरं पोलाद लागतं, पण तेवढं थांबतो कोण?

आता नव्या पोलादांच्या जन्मतिथींचं बघू. एस३०व्ही २००१, एस३५व्हीएन २००९, एस४५व्हीएन २०१९, मॅग्नाकट २०२१. दुसऱ्यात व्हॅनेडियम ४वरून ३ टक्क्यांवर आलं, अर्धा टक्का निओबियम शिरलं, पातं घासायला आणि पॉलिश करायला सोपं झालं. तुम्ही फक्त म्हणा, ‘एक टक्का चोरला.’ नवं नाव आलं की जुना चाकू विकायला काढा. जाहिरातीत लिहा: ‘खोक्यासकट, एकदाही न वापरलेला.’